ह्या आवाजाचं गाव कोणतं?

अमेरिकेतल्या प्रत्येक रेडिओ स्टेशनला दर तासाला आपलं नाव आणि आपल्या गावाचं नाव सांगावं लागतं. नियमच आहे तसा. बातम्यांच्या आधी, जाहिरातींच्या गर्दीत, कधी इतक्या घाईघाईने की कुणाचं लक्षही जाऊ नये: तीनचार अक्षरं आणि मागोमाग गाव. 'केडीकेए, पिट्सबर्ग.' नव्वदीच्या दशकाच्या शेवटी लग्न होऊन मी ह्या शहरात आले, तेव्हा मला त्याचं काही विशेष वाटलं नाही. आकाशवाणीचं सांगली केंद्रही उठल्यासुटल्या आपलं नाव सांगायचंच की. फरक लक्षात यायला बराच काळ गेला. सांगली केंद्र ही दिल्लीच्या वडाची पारंबी होती. इथे उलट, गावोगावची स्टेशनं आधी उगवली आणि त्यांना जोडणारी देशव्यापी नेटवर्क्स मागाहून आली. लायसन्स मिळायचं तेही एकेका गावाच्या नावाने. हवेतल्या लहरी लोकांच्या मालकीच्या आहेत, तुम्ही त्या वापरताय, तेव्हा त्या बदल्यात ह्या गावाची काही सेवा करा, असा तो सौदा. १९२७ आणि १९३४ च्या कायद्यांत तो लिहून ठेवलेला आहे.

येण्याआधी माझ्या डोक्यातली अमेरिका म्हणजे सीएनएन आणि स्टार प्लसवर तेव्हा लागणाऱ्या इंग्रजी मालिका. न्यूयॉर्क, लॉस एंजेलिस, मध्ये सगळं वाळवंट. प्रत्यक्षात आमच्या गल्लीत सीएनएनबद्दल कुणी चकार शब्द काढत नव्हतं. लोक बोलायचे ते चॅनल दोनच्या हवामानवाल्याबद्दल आणि स्क्विरल हिल बोगद्याबद्दल. ह्या बोगद्याच्या तोंडाशी पिट्सबर्गचा प्रत्येक माणूस काही कारण नसताना ब्रेक दाबतो. मग मागे मैलभर रांग लागते, आणि ती लागली आहे हे रेडिओवाला रोज सकाळी दर दहा मिनिटांनी नव्याने लागल्यासारखं सांगतो. मला गाडी चालवता येत नव्हती त्या दिवसांतसुद्धा हा बोगदा मला पाठ होता.

आणि योगायोग असा की मी येऊन पडले तीच ह्या सगळ्या प्रकाराची जन्मभूमी निघाली. वेस्टिंगहाऊस कंपनीत फ्रँक कॉनराड नावाचा इंजिनिअर होता. शाळा सातवीनंतर सुटलेली, पण हातात विलक्षण कसब. विल्किन्सबर्गमधल्या आपल्या गॅरेजात बसून तो हौसेखातर ग्रामोफोनच्या तबकड्या हवेत सोडायचा. स्वतःकडच्या तबकड्या संपल्यावर त्याने गावातल्या दुकानदाराशी ठरवलं की तुम्ही मला तबकड्या द्या, मी तुमच्या दुकानाचं नाव घेतो. सप्टेंबर १९२० मध्ये हॉर्न नावाच्या मोठ्या दुकानाने पेपरात जाहिरात दिली, की हे हवेतलं संगीत ऐकायचं यंत्र आमच्याकडे दहा डॉलरपासून मिळेल. ती जाहिरात कॉनराडच्या वरिष्ठांनी, हॅरी डेव्हिस यांनी वाचली आणि त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. यंत्रं खपवायची असतील तर रोज काहीतरी ऐकवायला हवं. २ नोव्हेंबर १९२० च्या संध्याकाळी ईस्ट पिट्सबर्गच्या कारखान्याच्या गच्चीवरच्या एका खोपटातून केडीकेएने हार्डिंग आणि कॉक्स यांच्यातल्या अध्यक्षीय निवडणुकीचे निकाल सांगितले. आकडे 'पिट्सबर्ग पोस्ट' ह्या वर्तमानपत्राच्या कचेरीतून फोनवर यायचे आणि ते हवेत वाचले जायचे. मधूनमधून विनंती व्हायची, की कुणी ऐकत असेल तर कृपया आम्हाला कळवावं. कुणी ऐकतंय का, हेही त्यांना ठाऊक नव्हतं.

मला ही गोष्ट आवडते ती तिच्यात कुणीच थोर नाही म्हणून. कुणाला समाज जोडायचा नव्हता, कुणाला लोकशिक्षण करायचं नव्हतं. यंत्रं विकायची होती. आपल्याकडे रेडिओसाठी पोस्टात जाऊन लायसन्सचे पैसे भरावे लागायचे आणि ते पुस्तक माझे आजोबा रेशनकार्डाच्या शेजारी ठेवायचे. इथे श्रोत्याकडून लायसन्सपोटी कधी कुणी दमडी मागितली नाही. पैसे दुसऱ्याच दाराने आले. १९२२ च्या ऑगस्टमध्ये न्यूयॉर्कच्या डब्ल्यूईएएफ स्टेशनवरून पन्नास डॉलर मोजून एका बिल्डरने फ्लॅट विकण्यासाठी भाषण दिलं. विकत घेतलेल्या वेळेतली ती पहिली जाहिरात मानतात. फ्लॅट कुठले, तर जॅक्सन हाइट्सचे! भारतातून पाहुणे आले की मिठाई, साड्या आणि कढीपत्त्यासाठी आपण ज्या जॅक्सन हाइट्सला हटकून जातो, तेच. शहरातल्या गर्दीला कंटाळलेल्या शिष्ट लोकांसाठी ती वसाहत होती म्हणे.

तर पैसा जाहिरातीचा, पण आवाज गावाचा. ह्या तडजोडीवर पुढची साठसत्तर वर्षं निघाली.

तडजोडीचं सगळ्यात सुंदर रूप मला दिसलं ते हिवाळ्यात. रात्री बर्फ पडायला लागलं की पहाटे साडेपाचला आमच्या घरात रेडिओ आणि टीव्ही दोन्ही सुरू. आज शाळा आहे का? फोनवर मेसेज येण्याच्या आधीचा काळ. टीव्हीच्या तळाशी शाळांच्या नावांची पट्टी सरकायची, अक्षरक्रमाने. ॲवनवर्थ, बाल्डविन-व्हाइटहॉल, बेथेल पार्क... दोन तास उशिरा, बंद, दोन तास उशिरा. आमचं गाव मधल्या अक्षराचं. चहाचं आधण बघायला म्हणून वळावं तर नेमकं तेव्हाच ते निघून जायचं आणि मग पुन्हा 'ए'पासून वाट बघत बसायचं. मुलगी पायऱ्यांवर पांघरूण गुंडाळून बसलेली, डोळे पट्टीला चिकटलेले. एरवी ज्या गावांशी माझा काडीचा संबंध आला नसता त्यांची नावं मला अशी तोंडपाठ झाली. पाव्हण्याला भूगोल शिकवायची ह्याहून चांगली पद्धत मला माहीत नाही. पुढे कुणी म्हणालं, मी प्लम बरोची, की मी लगेच म्हणायचे, तुमच्याकडे नेहमी आधी बंद करतात, नाही का! समोरची बाई चाटच पडायची.

शेजारी एक आजी राहायच्या. पोलिश वंशाच्या, नवरा स्टील मिलमध्ये होता, मिल बंद पडली आणि मागोमाग नवराही गेला. सगळी गल्ली त्यांना नावाने हाक मारायची. ऐंशीच्या बाईला नुसत्या नावाने हाक मारायला माझी जीभ वर्षभर वळली नाही. त्यांच्या स्वयंपाकघरात फ्रिजवर रेडिओ आणि बाहेरच्या खोलीत टीव्ही. रविवारी स्टीलर्सची, म्हणजे पिट्सबर्गच्या फुटबॉल टीमची, मॅच असली की टीव्हीचा आवाज बंद करायचा आणि रेडिओचा मोठा. चित्र नेटवर्कचं, बोलणं आपल्या माणसाचं. मला वाटलं हा ह्यांचाच विक्षिप्तपणा. नंतर कळलं की निम्मं शहर हेच करतं.

आपला माणूस म्हणजे रेडिओवरचा समालोचक मायरन कोप. काय सांगू त्याच्या आवाजाबद्दल? रेडिओवर घेताना ज्या गोष्टी तपासतात त्या सगळ्यांत हा माणूस नापास झाला असता. कर्कश, घोगरा, किनरा, तिन्ही एकदम. मूळचा मासिकांतून लिहिणारा. रंगात आला की 'योय!' म्हणून ओरडायचा, फारच रंगात आला की 'डबल योय!' इंग्रजी कच्चं असल्यामुळे मला सुरुवातीला तो काय बोलतो ह्यातलं चौथा हिस्साही कळत नव्हतं. आजींना विचारलं, तर त्या म्हणाल्या, ''हनी, आम्हालाही कळत नाही.'' १९७५ साली लोकांनी मैदानावर येताना पिवळा टॉवेल आणावा आणि फिरवावा, ही कल्पना ह्याच्या स्टेशनने त्याच्या गळ्यात मारली. आज तो 'टेरिबल टॉवेल' पिट्सबर्गचा झेंडाच झाला आहे. टॉवेलचे हक्क कोपने १९९६ मध्ये ॲलेगेनी व्हॅली स्कूलला देऊन टाकले. बौद्धिक आणि शारीरिक अपंगत्व असलेल्यांसाठीची ही संस्था. त्याचा स्वतःचा मुलगा तिथेच राहत होता.

आजी मला १९७२ च्या मॅचची गोष्ट सांगायच्या. २३ डिसेंबर, ओकलंड रेडर्सविरुद्ध, बाद फेरी. बावीस सेकंद उरलेली, स्टीलर्स एका गुणाने मागे. स्टीलर्सच्या ब्रॅडशॉने फेकलेला चेंडू धडकेत उडाला आणि जमिनीला टेकायच्या आत त्याच्याच टीममधल्या फ्रँको हॅरिसने बुटाच्या उंचीवर तो उचलून थेट पलीकडे नेला. अमेरिकन फुटबॉलमधला सगळ्यात गाजलेला क्षण. पण गंमत अशी, की स्टेडिअममधले लोक सोडले तर पिट्सबर्गने तो पाहिलाच नाही. त्या काळी घरच्या मैदानावरची मॅच त्या शहरात टीव्हीवर दाखवायची नाही, असा लीगचा नियम होता. नाहीतर तिकिटं कोण काढणार? सगळा देश बघतोय आणि ज्यांची टीम आहे ते मात्र कानात प्राण आणून ऐकतायत. ज्यांच्याकडे पैसा होता ते गाडी काढून बंदीच्या हद्दीबाहेरच्या मोटेलांत खोली घेऊन बसायचे. निक्सननी अध्यक्ष असून लीगला शब्द टाकून पाहिला, उपयोग झाला नाही. पुढच्या वर्षी संसदेने कायदा करून तो नियम सैल केला. आजींच्या नवऱ्याने ती मॅच शिफ्टवर असताना ऐकली होती. आणि तरी, त्या सांगायच्या, पुढे आयुष्यभर तो ''मी पाहिलं'' असंच म्हणायचा. फ्रँको चेंडू उचलण्यासाठी कसा वाकला तेही करून दाखवायचा. मला हे ऐकून जराही आश्चर्य वाटलं नाही. माझ्या वडिलांनीही वेस्ट इंडीजमधलं गावसकरचं शतक असंच 'पाहिलेलं' होतं.

पिट्सबर्गने अमेरिकेला आणखी एक आवाज दिला, कोपच्या अगदी उलट्या टोकाचा. फ्रेड रॉजर्स. डब्ल्यूक्यूईडी हे लोकवर्गणीतून उभं राहिलेलं चॅनल १९५४ मध्ये सुरू झालं आणि पहिल्या दिवसापासून रॉजर्स तिथे होता. पुढे 'मिस्टर रॉजर्स नेबरहूड' हा त्याचा लहान मुलांचा कार्यक्रम १९६८ पासून २००१ पर्यंत देशभर दिसला. माझी मुलगी तो बघायची आणि मी मुलीच्या मागे उभी राहून बघायचे, कारण अख्ख्या अमेरिकेत हा एकच माणूस मला समजेल इतक्या सावकाश बोलत होता. घरात येऊन कोट काढायचा, स्वेटर घालायचा, बूट बदलायचे. टीव्हीवर एका माणसाने नुसते बूट बदलताना एवढा वेळ घ्यायचा! जिथे सेकंदाला भाव आहे तिथे ही उधळपट्टीच म्हणायची.

त्यातली एक गोष्ट मला फार उशिरा कळली. रॉजर्स रोज माशांना खायला घालायचा आणि घालताना मोठ्याने सांगायचा, की मी आता माशांना खाणं देतोय. मला वाटायचं, बोलायची लकब असेल. खरं कारण असं, की एका अंध मुलीने त्याला कळवलं होतं: मला दिसत नाही, तुम्ही बोलला नाहीत तर मासे उपाशी राहिले का हे मला कळत नाही. तेव्हापासून तो बोलायला लागला. टीव्हीसारख्या माध्यमात, देशभरातल्या लाखो मुलांसमोर, एका मुलीसाठी. मास मीडिया ह्या विषयावर मी पुष्कळ जाडजूड गोष्टी वाचल्या आहेत, पण प्रेक्षक म्हणजे कोण, हा प्रश्न इतका स्वच्छ सोडवलेला दुसरीकडे दिसला नाही.

हे सरकारी मदतीशिवाय झालं नसतं, हेही सांगायला हवं. १ मे १९६९ ला रॉजर्स वॉशिंग्टनला सिनेटच्या समितीपुढे बसला. सार्वजनिक प्रसारणासाठीच्या दोन कोटी डॉलरना कात्री लागायच्या बेतात होती. अध्यक्षस्थानी जॉन पास्टोरे, तापट म्हणून प्रसिद्ध. रॉजर्सने लिहून आणलेला कागद बाजूला ठेवला, मुलांना राग आला की त्या रागाचं काय करायचं हे मी त्यांना कसं सांगतो ते सहासात मिनिटांत सांगितलं आणि शेवटी गाण्याच्या ओळी नुसत्या म्हणून दाखवल्या. पास्टोरे म्हणाले, अंगावर काटा आला; तुम्ही तुमचे दोन कोटी मिळवलेत असं दिसतंय. ह्याचं चित्रीकरण सहज बघायला मिळतं. मी ते अधूनमधून बघते, आणि दर वेळी मला शंका येते की आज ती समिती मान वर करून बघेल तरी का. शंका कसली, उत्तर मिळालंच आहे. जुलै २०२५ मध्ये संसदेने सार्वजनिक प्रसारणासाठी आधीच मंजूर केलेले एक अब्ज दहा कोटी डॉलर परत घेतले आणि ते पैसे वाटणाऱ्या महामंडळाने पुढच्याच महिन्यात गाशा गुंडाळत असल्याचं जाहीर केलं.

जाता जाता एक. रॉजर्स आणि कोप दोघेही गेले ते २७ फेब्रुवारीलाच. एक २००३ मध्ये, एक २००८ मध्ये. शहराला ही तारीख पाठ आहे.

ह्याच शहरात, रॉजर्स पिट्सबर्गच्याच ओकलंड भागात बाहुल्यांशी बोलत होता त्याच वर्षांत, वीसएकवीस वर्षांचा एक जाडगेला पोरगा आधी मॅकीस्पोर्टच्या आणि मग पिट्सबर्गच्या केक्यूव्ही स्टेशनवर गाणी लावायचा. हवेतलं नाव जेफ क्रिस्टी. त्याला इथून काढून टाकण्यात आलं. खरं नाव रश लिम्बॉ, पुढे उजव्या राजकारणाचा रेडिओवरचा मोठा आवाज झाला तो. १९८७ मध्ये, वादाच्या प्रश्नाच्या दोन्ही बाजू दाखवल्याच पाहिजेत हा स्टेशनांवरचा जुना दंडक सरकारने काढून टाकला. १९८८ च्या ऑगस्टमध्ये लिम्बॉचा कार्यक्रम न्यूयॉर्कहून देशभर सुरू झाला आणि वाढत वाढत सहाशेवर स्टेशनांवर पोचला. त्याच्या राजकारणाबद्दल इतकं लिहिलं गेलंय की मी भर घालत नाही. माझं म्हणणं वेगळं आहे. तो सहाशे गावांत दुपारी तीन तास बोलायचा, म्हणजे तेवढ्या गावांत त्या तीन तासांत दुसरं कुणीतरी बोलायचं थांबलं होतं. शेतमालाचे भाव, हरवलेली कुत्री, चर्चची जेवणं, नगरपालिकेवरचा राग. स्टेशनमालकाला गावातल्या निवेदकाचा पगार द्यायचा नव्हता, आणि वरून तयार माल येत होता. डावे-उजवे हा वाद पुढचा. आधी गाव गेलं.

१९९६ च्या कायद्याने उरलंसुरलं दार उघडलं. त्याआधी एका कंपनीला देशभरात चाळीसच्या वर रेडिओ स्टेशनं ठेवता येत नसत. ती मर्यादाच उठली. क्लिअर चॅनल नावाची कंपनी काही वर्षांत बाराशेच्या आसपास गेली. मग एका शहरात बसलेला निवेदक दहा शहरांसाठी आवाज ध्वनिमुद्रित करून ठेवायला लागला, मध्ये त्या त्या गावाचं नाव पेरून. आमच्याकडेही एका स्टेशनवर असा एक गोड आवाज सुरू झाला. एके दिवशी त्याने अपघाताची बातमी देताना 'नॉर्थ वर्साय' म्हटलं. अगदी शुद्ध फ्रेंच. ह्या पंचक्रोशीत त्या गावाला लहान पोरसुद्धा 'व्हर्सेल्स' म्हणतं. आजींनी फ्रिजवरच्या रेडिओकडे मान वळवून बघितलं, चुकीच्या घरात शिरलेल्या माणसाकडे बघावं तसं. सांगलीकराने 'मिराज जंक्शन' ऐकल्यावर त्याला जे होतं, ते मला तिथे झालं.

हे हसण्यावारी नेता येतं. मायनॉटचं नेता येत नाही. नॉर्थ डकोटातलं छत्तीसएक हजार वस्तीचं गाव. १८ जानेवारी २००२, मध्यरात्र उलटून दीडच्या पुढे, गावाबाहेर मालगाडी घसरली. एकतीस डबे रुळांवरून उतरले, अमोनियाच्या टाक्या फुटल्या आणि त्या कडाक्याच्या थंडीत विषारी ढग घरांवर आला. काही भागात वीज गेलेली. लोकांनी तेच केलं जे तीन पिढ्या करत आल्या होत्या: सेलवरचा रेडिओ लावला. गावात सहा व्यावसायिक स्टेशनं आणि सहाही क्लिअर चॅनलची. रेडिओवर गाणी चालू होती. पोलिसांनी मुख्य स्टेशनला फोन केले, कुणी उचलेना. एक माणूस दगावला, शेकडो लोकांना उपचार घ्यावे लागले. कंपनीचं म्हणणं असं होतं, की स्टेशनवर माणूस होता आणि इशारा देण्याची यंत्रणा पोलिसांनाच चालवता आली नाही. असेलही. यंत्रणा कुणाची चुकली हा वाद वर्षानुवर्षं चालला. पण गावाबाहेर एवढं झालं आणि स्टेशनवरच्या कुणी नुसतं खिडकीबाहेर बघून, अरे, बाहेर काय चाललंय, असं म्हटलं नाही, ह्याला कुठल्या यंत्रणेची गरज होती?

ही बातमी मी त्या वेळी ऐकून विसरले होते. ती आठवली ३ फेब्रुवारी २०२३ च्या रात्री. आमच्यापासून तासाभराच्या अंतरावर, ओहायोच्या हद्दीवर, ईस्ट पॅलेस्टाइन गावात मालगाडीचे अडतीस डबे घसरले आणि आग लागली. तीन दिवसांनी व्हिनाइल क्लोराइडच्या टाक्या मुद्दाम पेटवून दिल्या, तेव्हाचा काळा ढग जगाने पाहिला. जगाने तो पाहिला खरा, पण थोडा उशिराच. देशव्यापी चॅनल्स त्या आठवड्यात आकाशातल्या चिनी फुग्याच्या मागे होती. पिट्सबर्गच्या चॅनल्सच्या गाड्या मात्र तिथे थंडीत उभ्या होत्या. कुठला रस्ता बंद, शाळेत निवारा कुठे, नळाचं पाणी प्यायचं की नाही, वारा आज कुठल्या दिशेला. वाऱ्याची दिशा सांगणारा तो चॅनल दोनचा हवामानवाला आयुष्यात पहिल्यांदा मला विनोदी वाटला नाही.

म्हणजे अजून शिल्लक आहे, पण किती पातळ झालंय तेही दिसतं. केक्यूव्ही १९७५ पासून चोवीस तास बातम्या द्यायचं, ते २०१७ च्या ३१ डिसेंबरला बंद पडलं. २०१८ च्या ऑक्टोबरात स्क्विरल हिलमध्ये, म्हणजे रॉजर्सच्या खऱ्याखुऱ्या नेबरहूडमध्ये, ट्री ऑफ लाइफ सिनेगॉगवर हल्ला झाला आणि अकरा माणसं मारली गेली. 'पोस्ट-गॅझेट'ने त्यानंतरच्या शुक्रवारी पहिल्या पानावर मथळा म्हणून ज्यूंच्या मृतांसाठीच्या प्रार्थनेचे पहिले शब्द हिब्रू लिपीत छापले. बहुतेक वाचकांना ते वाचता येणार नाहीत हे माहीत असून. मीही नाही वाचू शकले, आणि तो अंक मी जपून ठेवला आहे. त्या वार्तांकनाला पुलित्झर मिळालं. चार वर्षांनी, ऑक्टोबर २०२२ मध्ये, त्याच वर्तमानपत्राचे पत्रकार संपावर होते.

जुन्या काळाला मी फार वर चढवून ठेवत नाही. गावचा आवाज म्हणजे गावचे पूर्वग्रहही. कोपच्या जमान्यात त्या आवाजांमध्ये बाई क्वचितच होती, आणि माझ्यासारखीच्या उच्चाराला तर तिथे जागा नव्हतीच. सांगली केंद्रावर माझी मावशी एकदा महिलांच्या कार्यक्रमात डाळिंबाच्या सालीचे उपयोग सांगून आली होती. अमेरिकेत इतकी वर्षं काढून मी कुठल्या स्टेशनवर साधा फोन लावायचंही धाडस केलं नाही. तरी मला ते आवाज हवे होते. मला कुणी आपलं म्हणायच्या आधी त्यांनी मला बोगद्यातल्या गर्दीत, शाळांच्या यादीत, पावसाच्या अंदाजात धरून टाकलं होतं.

केडीकेएचा प्रक्षेपक पन्नास हजार वॉटचा. दिवसा ह्या लहरी आसपास फिरतात, पण रात्री आकाशातल्या वरच्या थरावर आपटून शेकडो मैल दूर उतरतात. शिकागोहून परतताना ओहायो टर्नपाइकवर, टोलेडोच्या आसपास, अंधार पडला की नवरा १०२० वर काटा आणून ठेवायचा. आधी नुसती खरखर, मग मध्येच कुठलं तरी फ्रेंच बोलणं, आणि मग एकदम, घर अजून चार तास लांब असताना, स्क्विरल हिल बोगद्यात इनबाउंडला रांग आहे. आम्ही दोघंही हसायचो. आता नव्या इलेक्ट्रिक गाड्यांत मोटरमुळे ह्या लहरींत खरखर येते म्हणून काही कंपन्या रेडिओतला हा एएमचा पट्टाच काढून टाकायला निघाल्या आहेत. फोर्डने २०२३ मध्ये ओरड झाल्यावर माघार घेतली. बाकीच्यांवर कायद्याने सक्ती करावी का, ह्यावर वॉशिंग्टनमध्ये चर्चा चालू आहे, आणि निदान ह्या एका बाबतीत दोन्ही पक्षांचे लोक एका बाजूला बसलेले दिसतात.

मुलगी आता पार पश्चिमेला, ओरेगनमधल्या पोर्टलंडला असते. स्टीलर्सची मॅच तिकडे सकाळी दहाला लागते. चित्र नेटवर्कचं चालतं, बोलणं मात्र तिला पिट्सबर्गचंच लागतं, आजींकडची सवय. तीस सीझन बोलून बिल हिलग्रोव्ह २०२४ मध्ये निवृत्त झाले तेव्हा तिने मला फोन करून घरातलं कुणी गेल्यासारख्या आवाजात सांगितलं होतं. पण आमच्या स्टेशनचं इंटरनेटवरचं प्रक्षेपण मॅच सुरू झाली की शहराबाहेरच्यांसाठी बंद होतं. १९७२ मध्ये गावातल्यांना बघू देत नव्हते, आता गावाबाहेरच्यांना ऐकू देत नाहीत. मग ती लीगला दर महिन्याला पैसे भरते आणि रेडिओचा आवाज विकत घेते. तो टीव्हीच्या बराच मागे पडतो, म्हणून ती चित्र थांबवून आवाजाशी जुळवून घेते. त्यामुळे ती जगाच्या मिनिटभर मागे असते, आणि तिच्या वडिलांना सक्त ताकीद आहे, की क्वार्टर संपेपर्यंत काही म्हणजे काही मेसेज करायचा नाही.